बोट सरळ बांधू नका

दुचाकी घसरून पडलेला, यंत्रात हात सापडलेला किंवा कबड्डीच्या मैदानातून थेट आलेला रुग्ण अपघात विभागात येतो. बोटांच्या मुळाशी सूज असते, मूठ वळत नसते. एक्स-रे काढला जातो आणि थोड्या वेळात निकाल लागतो, ‘हाड मोडलेले नाही, मुका मार आहे.’ मग फोम लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी खाली ठेवून बोट सरळ, ताठ बांधले जाते. वेदनाशामक गोळ्या मिळतात आणि तीन आठवड्यांनी दाखवायला सांगितले जाते. रुग्णाला हायसे वाटते, नातेवाइकांना हायसे वाटते, रांगेतला पुढचा रुग्ण आत येतो. तीन आठवड्यांनी पट्टी सुटते तेव्हा सूज उतरलेली असते, दुखणेही बरेच कमी झालेले असते. फक्त बोट मुळातून वाकत नाही.

‘मार लागला होता, थोडे आखडणारच’ अशी समजूत रुग्ण करून घेतो आणि बरेचदा डॉक्टरही ती करून देतात. ही समजूत चुकीची आहे. अशा अनेक हातांचे नुकसान पडण्याने जेवढे झाले, त्याहून जास्त बांधण्याने झालेले असते. बोटाच्या मुळाचा सांधा कशाच्या आधारावर स्थिर राहतो, हे एकदा समजले की असे का होते आणि ते टाळणे किती सोपे आहे, हेही समजते.

मूठ वळली की हाताच्या पाठीवर चार उंचवटे दिसतात. कोणत्या महिन्याचे दिवस एकतीस आणि कोणत्याचे कमी, हे शाळेत याच उंचवट्यांवर आणि त्यांमधल्या खळग्यांवर मोजायला शिकवतात. हे उंचवटे म्हणजे तळव्यातल्या हाडांची गोल टोके. त्या टोकावर बोटाचे पहिले हाड टेकलेले असते. टेकलेले म्हणजे अक्षरशः टेकलेलेच, कारण बोटाच्या हाडाची खोबण इतकी उथळ असते की नुसत्या हाडांच्या भरवशावर हा सांधा क्षणभरही जागेवर राहणार नाही. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. इथे अशी वाटी नाही, बशी आहे. ती बशी गोळ्यावर धरून ठेवण्याचे काम अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, करतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड बंध असतो आणि तळव्याच्या बाजूला एक चिवट पट्टी असते. ही तळपट्टी बोटाला मागे उलटू देत नाही. तर्जनीपासून करंगळीपर्यंतच्या चारही तळपट्ट्या एका आडव्या बंधाने एकमेकींशी जोडलेल्या असतात. मधल्या दोन बोटांना दोन्हीकडून शेजार असतो. तर्जनी आणि करंगळी यांची एकेक बाजू मात्र उघडी असते, म्हणून या दोन बोटांचे मुळाचे सांधे निखळण्याचे प्रसंग जास्त येतात. अंगठा या साखळीत नाहीच. त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो पुढे येईल.

आता एक प्रयोग. हात समोर सरळ धरावा आणि बोटे फाकवावीत. छान फाकतात. आता बोटे मुळाशी काटकोनात वाकवावीत, पुढची पेरे सरळच ठेवावीत आणि पुन्हा फाकवून पाहावे. बोटे जवळजवळ हलत नाहीत. इथे स्नायूंचा जोर कमी पडतो असे कुणाला वाटेल, म्हणून दुसऱ्या हाताने एक बोट धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. बोट सरळ असताना ते सहज डुलते, वाकवल्यावर घट्ट बसते.

याचे कारण हाडाच्या टोकाच्या आकारात आहे. ते टोक चेंडूसारखे गोल नाही. बाजूने पाहिले तर ते तळव्याकडे फुगलेले दिसते आणि समोरून पाहिले तर हाताच्या पाठीकडे अरुंद, तळव्याकडे रुंद. शिवाय बाजूचे अस्थिबंध त्याच्या बरोबर मध्यावर जोडलेले नाहीत, ते थोडे पाठीच्या बाजूला सरकून जोडलेले आहेत. बोट सरळ असते तेव्हा बंधाच्या दोन टोकांमधले अंतर कमी असते आणि बंध सैल राहतो. बोट वाकत जाते तसा त्याच बंधाला फुगीर, रुंद भागावरून वळसा घालावा लागतो आणि तो ताणला जातो. मोटार दुरुस्त करणाऱ्याला हे चटकन कळेल, कारण इंजिनातला कॅम असाच एका बाजूला फुगलेला असतो. निसर्गाने यात मोठी सोय साधली आहे. वस्तू घ्यायला निघालेल्या हाताला मोकळीक हवी असते, घागर, लिंबू, ताट जे असेल त्याच्या आकाराप्रमाणे बोटे पसरता यायला हवीत. वस्तू मुठीत आल्यावर मात्र बोटे बाजूला घसरता कामा नयेत.

हीच सोय दुखापतीनंतर उलटते. अस्थिबंध हा जिवंत पदार्थ आहे. त्याला ज्या लांबीत ठेवाल त्या लांबीशी तो जुळवून घेतो, आणि मार लागून आजूबाजूला सूज व नवे तंतू तयार होत असतील तर फारच लवकर. बोट सरळ बांधले म्हणजे बाजूचे बंध सैल, म्हणजेच आखूड अवस्थेत राहिले. तीन-चार आठवड्यांत ते त्याच लांबीत आटतात, सुती कापड पहिल्या धुण्यात आटावे तसे. मग बोट वाकवायला लागणारी जास्तीची लांबी त्यांच्याकडे उरत नाही. बंध तुटलेला नसतो, हाड सरकलेले नसते, एक्स-रे पुन्हा काढला तरी ‘नॉर्मल’ येतो आणि मूठ मात्र वळत नाही. त्यानंतर महिनोन्महिने व्यायाम, ताण देणाऱ्या पट्ट्या आणि तेही न जमल्यास आटलेले बंध शस्त्रक्रियेने सोडवणे हाच मार्ग राहतो. त्या शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण मूठ मिळेलच असे सांगता येत नाही.

उलट, बोटे मुळाशी सत्तर ते नव्वद अंशांत वाकवून आणि पुढचे दोन्ही सांधे सरळ ठेवून हात बांधला, तर बाजूचे बंध ताणलेल्या, पूर्ण लांबीच्या अवस्थेत राहतात. त्यांना आटायला वावच मिळत नाही. पुढचे सांधे सरळ का, तर बोटाच्या मधल्या सांध्याची रचना वेगळी आहे. तो वाकलेल्या अवस्थेत आखडतो, म्हणून त्याला सरळ ठेवायचे. मनगट किंचित वर उचललेले ठेवायचे. चार बोटे आणि अंगठा यांच्यात जाडजूड पुस्तक धरल्यावर हाताचा जो आकार होतो, साधारण तोच हा आकार. जगभरचे हस्तशल्यचिकित्सक त्याला ‘सुरक्षित स्थिती’ म्हणतात. एडिंबरोचे अस्थिशल्यचिकित्सक जे. आय. पी. जेम्स यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा आग्रह धरला. त्यालाही आता अर्धशतक उलटले. म्हणजे इथे नवे संशोधन, महागडे यंत्र किंवा परदेशी औषध यांची वाट पाहण्यासारखे काही नाही. चुकीच्या आकाराच्या प्लॅस्टरला जेवढे पैसे आणि जेवढा वेळ लागतो, तेवढाच बरोबर आकाराच्या प्लॅस्टरला लागतो.

तरीही सरळ पट्टी सुटत नाही, याला एक मानवी कारण आहे. सुजलेला हात स्वतःच त्या वाईट स्थितीत जातो. हाताच्या पाठीवरची कातडी सैल असते, पाणी तिथे साठते. सांध्यात पाणी भरले की तो ज्या स्थितीत सर्वांत जास्त पाणी मावेल त्या स्थितीत जाऊन बसतो आणि मुळाच्या सांध्यासाठी ती स्थिती म्हणजे सरळ. रुग्णाला त्यातच आराम वाटतो. घाईत असलेला निवासी डॉक्टर हात जसा समोर येतो तसा बांधून टाकतो. सुरक्षित स्थिती द्यायची तर बोटे हळूहळू वाकवावी लागतात, थोडे दुखते, पाच मिनिटे जास्त जातात, प्लॅस्टर वाळेपर्यंत कुणाला तरी हात धरून उभे राहावे लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ही पाच मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न खोटा नाही. पण त्या पाच मिनिटांची किंमत कोण मोजतो, हेही पाहायला हवे.

ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या कोयत्याच्या नावावर. एका हाताने ऊस धरायचा, दुसऱ्याने बुडाशी घाव घालायचा, पाचट सोलायचे, मोळी बांधायची आणि वाहनात चढवायची, यात एकही काम असे नाही की जे अर्ध्या मुठीने होईल. जोडीतल्या एकाच्या बोटांची मूठ गेली तर कोयता मोडतो, उचल मात्र फिटेपर्यंत अंगावर राहते. खुरपे धरणारी बाई, पाना फिरवणारा फिटर, शिवणकाम करणारी मुलगी, हातगाडी ढकलणारा हमाल यांचेही असेच आहे. एकच बोट ताठरले तर चालून जाईल, असेही वाटायला नको. ताठ राहिलेले बोट खिशात, बाहीत, दाराच्या फटीत अडकते. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांना वाकवणाऱ्या कंडरा एकाच स्नायूतून निघत असल्यामुळे एकाच्या अडण्याने शेजाऱ्यांचा जोरही कमी होतो. अंधेरीत संगणकावर काम करणाऱ्याचे ताठ बोट ही गैरसोय आहे, केज तालुक्यातल्या तोडणी कामगाराचे ताठ बोट म्हणजे हंगाम बुडणे आहे. आणि नेमक्या याच दुसऱ्या रुग्णाला पुन्हा तपासणीला येणे सर्वांत अवघड असते. तो तोवर कोपीवर, दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. म्हणून पहिल्याच दिवशी हात बरोबर बांधण्याची गरज त्याला सर्वांत जास्त.

मुळाचा सांधा निखळला तर काय करावे, यापेक्षा काय करू नये हे सांगणे महत्त्वाचे आहे. ओढू नये. बोट निखळले की कुणीतरी पुढे होतो, ‘धरा घट्ट’ म्हणतो आणि जोराने ओढतो. मधल्या सांध्याचे बोट असे कधी कधी बसतेही, त्यामुळे ओढणाऱ्याचा आत्मविश्वास वाढलेला असतो. मुळाच्या सांध्याचे गणित निराळे आहे. इथे तळपट्टी फाटते आणि काही वेळा सांध्याच्या आत, दोन हाडांच्या मध्ये जाऊन बसते. हाडाचे टोक तळव्यातल्या कंडरा आणि बंध यांच्यामधून बटण काजातून जावे तसे बाहेर येते. आता बोट ओढले की दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि हाडाच्या मानेभोवतीचा फास आणखी आवळतो. न्यू यॉर्कचे शल्यचिकित्सक इमॅन्युएल कॅप्लान यांनी १९५७ मध्ये तर्जनीच्या अशा निखळण्याचे नेमके वर्णन केले. असे बोट शस्त्रक्रियेशिवाय बसत नाही. त्याची खूण फसवी असते. बोट फार वेडेवाकडे दिसत नाही, थोडेसेच मागे उचललेले असते, पण तळव्याच्या कातडीवर खळी पडलेली असते. दुसरा, साधा प्रकार दिसायला भयंकर असतो. बोट मागे काटकोनात उभे राहते. पण त्यात तळपट्टी अजून आत सरकलेली नसते आणि जाणत्या माणसाने न ओढता, बोटाचे मूळ हलके पुढे ढकलले तर ते बसते. नवख्याने ओढले तर हाच साधा प्रकार पहिल्या, अवघड प्रकारात बदलतो. खेळाच्या शिक्षकांना एवढी एक गोष्ट शिकवली तरी पुष्कळ आहे. निखळलेले बोट आहे तसे ठेवून, अंगठी-बांगड्या काढून, हात छातीच्या वर उचलून धरायला लावायचा आणि मुलाला रुग्णालयात न्यायचे.

या ठिकाणी हाडवैद्यांना नावे ठेवण्याची पद्धत आहे. ती सोपी आहे आणि थोडी अप्रामाणिकही. हाडवैद्य जवळ असतो, उधारीवर पाहतो, रुग्णाशी दोन शब्द बोलतो. तो ओढतो आणि चोळतो हे खरे, आणि ताज्या दुखापतीत या दोन्ही गोष्टी घातक आहेत हेही खरे. पण सरळ पट्टी बांधून तीन आठवडे हात कोंडून ठेवण्याचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. ती पट्टी पदवीधरांच्या हातून बांधली जाते.

अंगठ्याची गोष्ट उलट दिशेची आहे. चार बोटांना भीती ताठर होण्याची, अंगठ्याला सैल पडण्याची. चिमटीत काही धरताना तर्जनी अंगठ्यावर जो दाब देते तो अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीकडच्या बाजूला असलेला एक अस्थिबंध पेलतो. किल्ली फिरवणे, पेन धरणे, बरणीचे झाकण काढणे, लुगड्याच्या निऱ्या धरणे, सगळे त्याच्यावर. स्कॉटलंडमधल्या शिकारी राखणदारांचा हा बंध सैल पडलेला असतो, असे कॅम्पबेल यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले. जखमी ससे मान पिरगळून मारण्याची त्यांची पद्धत होती आणि वर्षानुवर्षांच्या त्या झटक्याने बंध ताणला जाई. आपल्याकडे ससे नाहीत, दुचाक्या आहेत. हँडल मुठीत असताना गाडी घसरली की अंगठा बाहेरच्या बाजूला फाकतो आणि तोच बंध एका क्षणात तुटतो. क्षेत्ररक्षकाच्या अंगठ्यावर चेंडू बसला, कबड्डीत पकड करताना अंगठा जर्सीत अडकला, तरी हेच होते.

हा बंध अर्धवट तुटला असेल तर चार ते सहा आठवडे अंगठा प्लॅस्टरमध्ये ठेवून भरून येतो. पूर्ण तुटला तर एक विचित्र अडचण उभी राहते. स्वीडनचे बर्टिल स्टेनर यांनी १९६२ मध्ये ती उलगडून दाखवली. या बंधावरून अंगठ्याला तळव्याकडे ओढणाऱ्या स्नायूचा एक चिवट पडदा जातो. बंध तुटताना त्याचे टोक उलटे दुमडून या पडद्याच्या बाहेर येते, खोचलेला शर्ट पट्ट्यावरून बाहेर यावा तसे, आणि अंगठा पुन्हा जागेवर आला की पडदा मध्ये येऊन बसतो. आता बंधाचे टोक आणि त्याची जागा यांची गाठच पडू शकत नाही. प्लॅस्टर सहा आठवडे ठेवा की सहा महिने, ते जुळणार नाही. त्याला टाकेच घालावे लागतात आणि तेही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घातले तर काम सोपे होते. उशीर झाला की दुसरीकडची कंडरा आणून नवा बंध तयार करावा लागतो किंवा सांधा कायमचा जखडून टाकावा लागतो.

आणि एक्स-रेमध्ये यातले काहीही दिसत नाही, कारण एक्स-रे हाडांचे चित्र काढतो. कधी बंधाबरोबर हाडाचा तुकडा निघाला तर तेवढा दिसतो. म्हणजे ‘हाड मोडलेले नाही’ हे विधान खरे असूनही अपुरे आहे. त्यापुढचे काम बोटांनी करायचे असते. आधी फोटोत हाड शाबूत असल्याची खात्री करायची, मग दोन्ही अंगठे आळीपाळीने हळूच बाहेरच्या बाजूला वाकवून तुलना करायची. दुखऱ्या अंगठ्याला कुठे तरी थांबा लागतो की तो उघड्या दारासारखा जातच राहतो, हे सरावलेल्या हाताला कळते. वेदनेमुळे तपासता आले नाही तर जागा बधिर करून तपासता येते, सोनोग्राफीचीही मदत होते. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. ‘मुका मार’ हा शब्द वैद्यकीय कागदपत्रांतून हद्दपार केला तरी बरेच अंगठे वाचतील. मार मुका नसतो, तो बोलत असतो.

अस्थिबंधांविषयी बोलताना एक लोकप्रिय भीती घालवून टाकायला हरकत नाही. बोटे कडाकडा मोडल्याने सांधे सैल होतात किंवा संधिवात होतो, असे घरोघरी सांगितले जाते. आजी नातवाच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडते, ती आयुष्यभर मोडत आलेली असते आणि तिची मूठ बऱ्याचदा नातवापेक्षा घट्ट असते. तो आवाज हाडांचा किंवा बंधांचा नसतो. सांधा ताणला की आतल्या द्रवातला दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी एमआरआयखाली बोट मोडताना हे चित्रित केले. अमेरिकेतील डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी तर पन्नासहून अधिक वर्षे फक्त एकाच हाताची बोटे मोडली आणि दोन्ही हातांत फरक नाही असे १९९८ मध्ये लिहून कळवले. त्यासाठी त्यांना २००९ चे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. एका माणसाचा प्रयोग हा पुरावा म्हणून दुबळाच, पण अशी चिकाटी विरळा.

खरा धोका असलेला आजार वेगळा आहे आणि तो आवाज करत नाही. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये याच मुळाच्या सांध्यांचे अस्तर सुजते. ती सूज अस्थिबंधांना आतून ताणत राहते, कालांतराने बंध सैल पडतात आणि चारही बोटे करंगळीच्या दिशेने झुकतात. झुकलेली बोटे मलमाने किंवा मालिशने परत येत नाहीत. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली राहत असतील आणि दोन्ही हातांचे उंचवटे सुजून दाबल्यावर दुखत असतील, तर सहा महिने तेल चोळत बसण्याऐवजी लवकर रक्त तपासून मेथोट्रेक्झेटसारखे औषध सुरू केल्यास बंध ताणले जाण्याआधीच आजार आवरता येतो.

ताठरलेला सांधा किती अडवणूक करतो, हे कुष्ठरुग्णांच्या हातांनी भारताला फार पूर्वी शिकवले आहे. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी कुष्ठरोगाने वाकलेल्या पंजांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्या आजारात हाताचे लहान स्नायू लुळे पडतात, मुळाचे सांधे मागे उलटतात आणि पुढची पेरे आकड्यासारखी वळतात. चांगल्या स्नायूची कंडरा तिथे आणून जोडता येते. पण ती मऊ, हलणारा सांधाच हलवू शकते, आखडलेला नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी सांधे मोकळे करून घेणे ही अट असते आणि ते काम सुरीचे नसून रोज हात धरून व्यायाम करून घेणाऱ्या माणसाचे असते.

असा माणूस तयार करण्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली होती. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, देशातली पहिली शाळा काढली. हाताला पट्टी कोणत्या कोनात हवी, ती कधी सैल करायची, कोणत्या दिवशी कोणते बोट किती हलवायचे, हे या मंडळींचे शास्त्र. पंचाहत्तर वर्षांनंतर मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ती भेटतात, ग्रामीण रुग्णालयात सहसा भेटत नाहीत. तिथे एक्स-रे यंत्र येते, त्याचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. हात हलवून घेणाऱ्या माणसाच्या पदाचे उद्घाटन करता येत नाही, हे त्यामागचे कारण नसेल अशी आशा करावी. प्रत्येक तालुक्यात व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमता येईपर्यंत निदान उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून एक दिवस हाताची बाह्यरुग्ण तपासणी ठेवता येईल. आणि प्लॅस्टर घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना, परिचारिकांना आणि आंतरवासितांना सुरक्षित स्थिती शिकवायला एक दुपार पुरते.

कायद्याच्या नजरेतही आखडलेला सांधा अर्धवटच दिसतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तुटलेल्या बोटांचा दर ठरवून दिलेला होता. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर तो अवयव गेल्यासारखाच मानतात. पण निम्मे वाकणारे बोट या यादीत बसत नाही. तिथे डॉक्टरने तपासून ठरवलेली टक्केवारी चालते आणि त्या टक्केवारीवर वकिलांची उलटतपासणी होते. अशा वेळी पहिल्या दिवशी सांधा कोणत्या बाजूने किती सैल होता, हात कोणत्या कोनात बांधला आणि किती दिवसांनी सोडला, याची नोंद केसपेपरवर असेल तर कामगाराला काही आधार मिळतो. आज त्या जागी बहुतेक वेळा एवढेच लिहिलेले असते : ‘एक्स-रे नॉर्मल. स्प्लिंट दिला.’